सम आणि विलंब : इंटरनेटवरील सहवादन व दिल्ली परिसर

आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला. दिल्लीहून तो देशभर सहक्षेपित होई. सूर किंचित उशिरा पोहोचला तरी बिघडत नसे, कारण श्रोता उलट काही वाजवत नव्हता. दोन ठिकाणी बसलेल्या कलावंतांनी एकत्र वाजवायचे म्हटले की प्रश्न बदलतो.

हवेत ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. २५ ते ३० मिलिसेकंदांचा विलंब, म्हणजे आठ-दहा मीटरचे अंतर, वादक सांभाळून घेतात. त्यापुढे प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो आणि लय उतरत जाते. प्रकाशतंतूतून नोएडा ते गुरुग्राम हे अंतर मिलिसेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात कापले जाते. मग अडते कुठे?

एक तर वाटेत. पूर्वी दोन भारतीय सेवादात्यांमधील संदेशही पुष्कळदा परदेशातून फिरून येत. ते देशातच राहावेत म्हणून २००३ मध्ये 'निक्सी' स्थापन झाली. नोएडा हे तिच्या आरंभीच्या केंद्रांपैकी एक. संगीताच्या इतिहासात हे नाव कोणी घेत नाही, घ्यायला हवे. पुढे भाड्याचे सर्व्हर आले, पण गूगलचा दिल्ली विभाग २०२१ च्या जुलैत उघडेपर्यंत त्या कंपनीचा देशातील विभाग मुंबईतच होता. तिथला सर्व्हर घेतल्यास नोएडाचा ठेका मुंबईमार्गे गुरुग्रामला येई : किमान ११ मिलिसेकंद. उरलेला वेळ घरातले वायफाय आणि साउंडकार्ड खातात.

स्टॅनफर्डमध्ये क्रिस चेफ व सहकाऱ्यांनी घडवलेले जॅकट्रिप आणि फोल्कर फिशर यांचे जॅम्युलस (२००६) हा विलंब कमी करू पाहतात. हरवलेला ध्वनितुकडा पुन्हा मागवत बसत नाहीत. जस्टिन फ्रँकेल यांच्या निन्जॅमने (२००५) उलट वाट धरली. विलंब मुद्दाम ठरावीक मात्रांच्या एका पूर्ण आवर्तनाइतका वाढवायचा. तीनतालात बसवले तर सोबत्याचे मागील आवर्तन ऐकत आपण पुढचे वाजवतो. लेहऱ्यावर ठेका चालतो. पण सवाल-जवाब, किंवा गायकाची तिहाई ऐकून त्याच समेवर येणे? ते होत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत बहुतेक तालीम मात्र साध्या व्हिडिओ कॉलवरच झाली. ती साधने बोलण्यासाठी बनवलेली. सलग वाजणारा तानपुरा त्यांना गोंगाट वाटतो आणि ती तो गाळून टाकतात. म्हणून दोन्हीकडे वेगळा तानपुरा लावायचा, गुरूने गाऊन थांबायचे, मग शिष्याने गायचे. गुरूच्या मागे, त्याच श्वासात आवाज मिसळून गाणे तेवढे राहून गेले.