सिमेंट वाळत नाही

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातले तलवाडा हे आमचे गाव. आमच्या लहानपणी घराच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, वर माळवद आणि खाली शेणाने सारवलेली जमीन. त्या घरात सिमेंटची पहिली वस्तू आली ती तुळशीवृंदावन. गवंड्याने ते साच्यात ओतून वर वेलबुट्टी काढली. दिवस उन्हाळ्याचे, प्यायचे पाणी टँकरचे. वृंदावनावर पाणी कोण मारणार? ‘उन्हात चांगले वाळेल,’ असे आम्हीच म्हणालो. दोन वर्षांत वेलबुट्टीची पूड हाताला लागू लागली.

लीड्सचा गवंडी जोसेफ अ‍ॅस्पडिन याने १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. घट्ट झाल्यावर ते पोर्टलंडच्या दगडासारखे दिसते, म्हणून हे नाव. पुढे त्यात लोखंड घालण्याची युक्ती निघाली. ती पुलांसाठी निघाली असावी असे आपल्याला वाटते. पण लांबो या फ्रेंच गृहस्थाने १८४८ मध्ये अशी होडी केली, आणि जोसेफ मोनिए या माळ्याने १८६७ मध्ये पेटंट घेतले ते झाडांच्या कुंड्यांसाठी! म्हणजे आमचे वृंदावन तसे या घराण्यातलेच.

आपल्याकडे सिमेंट घराच्या आत शोभेसाठी आले ते नक्षीच्या फरशीतून. मुंबईच्या श्रीमंत घरांत विलायतेहून आलेल्या ‘मिंटन’ फरश्या असत. त्या भाजलेल्या मातीच्या. १९२२ मध्ये फिरोजशा व रुस्तम सिधवा यांनी स्वदेशीच्या प्रेरणेने ‘भारत टाइल्स’ सुरू केली. त्यांची फरशी सिमेंटची, तिला भट्टी लागतच नाही.

ही फरशी उलटी घडते. साच्याच्या तळाशी नक्षीच्या आकाराची धातूची जाळी ठेवतात. तिच्या एकेका कप्प्यात रंगीत सिमेंटचा पातळ काला ओततात. जाळी अलगद उचलली की रंग शेजारी शेजारी राहतात, मिसळत नाहीत. मग वर कोरडे सिमेंट-वाळूचे थर देऊन दाबयंत्राखाली दाबतात. फरशी काढून उलटी केली की नक्षी वर येते. रंग मात्र खनिजच हवेत. तांबडा म्हणजे गंजाच्या जातीचे लोहाचे ऑक्साइड. सिमेंट अल्कधर्मी असल्याने पुष्कळसे इतर रंग त्यात टिकत नाहीत.

यानंतर फरश्या पाण्यात ठेवतात. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. त्यातली कॅल्शियम सिलिकेटे पाण्याशी संयोग पावतात, आणि तयार होणारा पदार्थ वाळूचे कण जखडून ठेवतो. ही क्रिया कित्येक दिवस चालते. मधेच पाणी उडून गेले की ती अर्ध्यावर थांबते. आमच्या वृंदावनाचे तेच झाले. पाणी फार लागले असते असेही नाही; ओले गोणपाट गुंडाळून सावली केली असती तरी भागले असते. दुष्काळी भागात घरे बांधणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

वर्गात करून पाहा. एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू पाण्यात कालवून दोन झाकणांत भरा. काला हाताला लागू देऊ नका, कातडी भाजते. एक झाकण लगेच उन्हात ठेवा. दुसरे दिवसभर ओल्या फडक्याखाली, मग सात दिवस पाण्यात. आठव्या दिवशी दोन्हींवर खिळ्याने रेघ ओढा, आणि कोणाची पूड जास्त निघते ते मुलांना सांगू द्या.