रेणुकेचे पाय

छत्री आणि वहाणा या दोन वस्तू जगात कशा आल्या, याची गोष्ट महाभारताच्या अनुशासनपर्वात आहे. जेठाचं ऊन. जमदग्नी ऋषी बाण सोडण्यात दंग, आणि रेणुका धावत जाऊन एकेक बाण उचलून आणून देतेय. माध्यान्हीला तिचं डोकं आणि पाय इतके पोळले की ती घटकाभर झाडाखाली थांबली. उशीर झाला म्हणून ऋषी आधी तिच्यावर चिडले, आणि कारण कळल्यावर सूर्यावर. त्याला पाडायला धनुष्यच उचललं. तेव्हा सूर्य ब्राह्मणाच्या रूपात खाली आला आणि त्याने डोक्यासाठी छत्री व पायांसाठी चामड्याच्या वहाणा दिल्या. (ऋषींनी बाण मारणं थांबवलं असतं तरी भागलं असतं, असं मला आपलं वाटतं. पण मग गोष्ट कुठली?)

ही रेणुका आमच्या बेळगाव जिल्ह्यात, सौंदत्तीच्या डोंगरावर, यल्लम्मा म्हणून नांदते. आम्ही जैन. ती आमच्या देव्हाऱ्यात नाही, पण तिच्या यात्रेच्या गाड्या दारावरून जातात, त्यामुळे गोष्ट आमचीही. आणि तिचा जो प्रश्न होता, रखरखीत उन्हात पायात काय घालून चालायचं, त्याचं उत्तर आमच्याच मुलखात तयार होतं.

लोक त्याला कोल्हापुरी म्हणतात. अथणी आणि निपाणीकडे ही चप्पल करणारी कितीतरी घरं आहेत, पण नाव कोल्हापूरचं. शाहू महाराजांनी या धंद्याला हात दिला, पेठही तिथलीच, म्हणून नावही ते पडलं, तक्रार नाही. शेतकरी मात्र नुसतं पायताण म्हणायचा. कातडं चुन्यात भिजवून केस काढायचे, मग त्याची पिशवी शिवून टांगायची आणि बाभळीची साल व हिरडा यांचं पाणी तिच्यात भरून मुरू द्यायचं. तळ म्हशीच्या जाड कातड्याचा, थरावर थर, आणि शिवण चामड्याच्याच वादीने. खिळा नाही. मधे अंगठा, बाजूला कान, वर पट्टा, पट्ट्यावर वेणी. असं कमावलेलं कातडं घाम पितं, जाड तळातून जमिनीची आच सावकाश वर येते, आणि पाय सगळीकडून उघडा असल्यामुळे वारा लागतो. रबराच्या चपलेत दुपारी पाय घामाने सरकतो, तसं यात होत नाही. नवी असताना चावते, हे खरं. तेल लावून चार दिवस घरात वापरायची, मग ती पायाची होते. पावसात मात्र ती कामाची नाही. चार महिने माळ्यावर.

आता ही चप्पल कुणाच्या पायात होती? बलुतेदारीत शेतकऱ्याला ती वर्षाच्या धान्यावर मिळे. कृष्णाकाठचे आमचे जैन लोक बहुतेक शेतकरीच. त्यांनी ती बिनघोर घातली. बस्तीच्या बाहेर काढून ठेवायची, बस्स. मेलेल्या ढोराचं कातडं, हिंसा आपण केली नाही, असा त्यामागचा हिशेब. पण ते ढोर ओढून नेणारा, सोलणारा, कातडं कमावणारा आणि शिवणारा, यांना मात्र अंगणाच्या आत घ्यायचं नाही. वस्तू पायात चालली, हात चालले नाहीत. वर त्याच माणसांनी वरच्या जातीच्या माणसासमोरून जाताना पायातलं काढून हातात घ्यावं, अशी कित्येक गावांची रीत. उन्हातली चप्पल करणाराच उन्हात अनवाणी! अहिंसेच्या नावाने आम्ही जे सोवळं पाळलं त्यात अहिंसा किती आणि जात किती, हे आमच्या समाजाने एकदा नीट मोजायला हवं.

याच मुलखात हरळय्याची कथा सांगतात. बाराव्या शतकातला, कल्याणचा हा समगार. बसवेश्वरांनी त्याला उलट मानाने नमस्कार केला, तेव्हा तो भार सोसवेना म्हणून त्याने आणि बायकोने स्वतःच्या मांडीच्या कातड्याच्या वहाणा त्यांच्यासाठी केल्या. कथाच ती. पण तिचं पुढचं पान कठोर आहे. हरळय्याचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसाची मुलगी यांचं लग्न झालं, आणि त्यापायी दोन्ही बापांना देहदंड झाला.

बायकांचं वेगळंच. सूर्याने छत्री आणि वहाणा दिल्या त्या एका बाईचे पाय भाजले म्हणून. पण एकोणिसाव्या शतकात पायात जोडा आणि हातात छत्री घेऊन पुण्याच्या रस्त्यावर निघालेल्या बाईची टिंगल व्हायची. नेमक्या त्याच दोन वस्तू! आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका शेतावर भाकरी घेऊन अनवाणीच जायच्या, नवरा पायताण घालून पुढे. पुढे हवाई चप्पल आली. स्वस्त, धुता येणारी, शिवाय बिनचामड्याची, त्यामुळे व्रत घेतलेल्या बायकांनाही चालणारी. बायकांच्या पायांना जमिनीपासून सुटका दिली ती तिने. तिला नाक मुरडणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

2019 साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार जिल्हे महाराष्ट्राचे आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार कर्नाटकाचे. 1956 पासून ज्या सीमेवरून आम्ही भांडतोय, तिच्या दोन्ही बाजूंची महामंडळं एका चपलेवर एकत्र सही करून बसली. 2025 मध्ये इटलीच्या प्राडाने मिलानच्या मंचावर तसलीच चप्पल नुसती चामड्याची सँडल म्हणून दाखवली, तेव्हा ओरडाही दोन्हीकडून झाला. अथणीकडे वेणी घालणं, शिवणं ही कामं बऱ्याच अंशी बायका करतात. त्यांची नावं त्या ओरड्यातही कुणी घेतली नाहीत.

मग प्रवासाला घ्यायची कुठली? मला विचाराल तर सपाट रस्त्याला, कोरड्या उन्हात, मुरलेली कोल्हापुरी. मात्र आता कातडं बरंचसं बाहेरून येतं आणि ते मेलेल्या ढोराचंच असेल असं नाही, तेव्हा जुना हिशेब सांगून चालणार नाही. म्हणून मी घेत नाही. मी जाड रबरी तळ आणि कापडी पट्ट्यांची घेते, टाचेमागे पट्टा असलेली, कारण पायऱ्यांवर मागून मोकळी चप्पल धरून ठेवायला बोटं आवळावी लागतात आणि संध्याकाळी पोटऱ्या बोलतात. उन्हात पाय सुजतो, म्हणून चप्पल दिवेलागणीला विकत घ्यावी, दोन्ही पायांत घालून चालून बघावी. टाच मागे लोंबू नये. वाकवली तर चवड्याशी वाकावी, मधोमध नाही.

आणि श्रवणबेळगोळला जाणार असाल तर यातलं काही उपयोगाचं नाही. 981च्या सुमारास चामुंडरायाने उभ्या केलेल्या त्या सत्तावन्न फुटी बाहुबलीकडे अनवाणीच चढायचं असतं, दगडात खोदलेल्या सहाशेवर पायऱ्या. दहा वाजले की तो दगड तव्यासारखा तापतो. पहाटे निघा, आणि पिशवीत जाडसे सुती मोजे असू द्या.