मुद्दलाला हात नाही

गोवर्धनच्या निगमसभेत तुम्ही लाकडी फलक पुढ्यात घेऊन बसला आहात. गोदाकाठी, आजच्या नाशिकजवळ. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. तुम्ही कोष्ट्यांच्या श्रेणीचे प्रमुख. श्रेणीकडे 2000 कार्षापणांची ठेव आहे, व्याज दरमहा शेकडा एक. ठेवणारा उषवदात, नहपान क्षत्रपाचा जावई. त्रिरश्मी डोंगरावरच्या लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी माणशी 12, म्हणजे वर्षाला 240. दुसऱ्या कोष्टी श्रेणीकडे आणखी 1000 आहेत, शेकडा पाऊण दराने. त्यांचे 90 होतात.

हिशेब चोख आहे, पण बाजार बसला आहे. कल्याणला येणारी ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेतात. घाटाखाली जायचं कापड वखारीतच आहे, निम्मे माग बंद. त्यात राज्य पालटलं. हातातलं चांदीचं नाणं पाहा: नहपानाच्या चेहऱ्यावरच गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा मारलाय, खालच्या नाकाची कड अजून बोटाला लागते. (1906 साली नाशिकजवळच्या जोगळटेंभीला अशी 9,000 हून जास्त नाणी निघाली.)

सभेत कुणी म्हणतं, ठेव परत करून मोकळे होऊ. तेवढंच करता येत नाही. करार लेण्यात कोरलेला आहे: मुद्दल कधीच परत द्यायचं नाही, फक्त व्याज द्यायचं. मंदीत याहून अवघड देणं नसेल. फेडून संपवायची सोयच नाही. पण राजाच्या जावयाने एवढी रक्कम खजिन्यात न ठेवता विणकरांच्या हाती दिली, ती बहुधा याच भरवशावर की राज्य बुडालं तरी माग चालतील. मला ही त्या काळातली फार मोठी गोष्ट वाटते.

दुसरा म्हणतो, नहपान गेला, आता विचारतो कोण? भिक्षू विचारतील. नव्या राजानेही त्याच डोंगरावरच्या भिक्षूंना शेत दिलंय, पूर्वी उषवदाताकडे असलेलं.

तुम्ही निर्णय सांगता. आधी 240 बाजूला काढायचे, उरेल त्यात सूत घ्यायचं. काटकसर प्रमुखांच्या घरापासून. कोकणाकडे डोळे लावून बसायचं नाही. वखारीतलं कापड मिळेल त्या भावाने पैठण आणि तेरच्या पेठेत काढायचं. गाड्या उद्याच जुंपा, पावसाला थोडेच दिवस उरलेत.