मेंदूच्या वळ्या : एका वादाचा इतिहास

नरवानर गणातील अनेक प्रजातींत, मानवातही, गर्भाचा मेंदू आरंभी गुळगुळीत असतो. वळ्या नंतर पडतात. त्या घडविणारे बल कोणते? १९७५ मध्ये रिचमन व सहकाऱ्यांनी बाह्यकाच्या थरांची असमान वाढ हे कारण मांडले. १९९७ मध्ये व्हॅन एसेन यांनी चेतातंतूंच्या ताणास श्रेय दिले. २०१० मध्ये फेरेटच्या मेंदूला छेद देऊन केलेल्या प्रयोगांनी ताणाचा सिद्धान्त दुबळा केला. २०१६ मध्ये टॅलिनेन व सहकाऱ्यांनी २२ आठवड्यांच्या मानवी गर्भाच्या मेंदूची जेल-प्रतिकृती द्रावकात बुडविली. बाह्यथर फुगताच मानवी मेंदूसारख्या वळ्या उमटल्या. मात्र जनुकीय दोषाने चेतापेशींचे स्थलांतर खुंटल्यास बालकाचा मेंदू गुळगुळीतच राहतो. सारांश, वळ्या यांत्रिक बलाने पडतात. परंतु त्या बलाची पूर्वतयारी पेशीच करतात.