‘शुद्ध’ कोणाचे? भक्ती बर्वे, दूरदर्शन आणि ‘ती फुलराणी’

१/
सातपुड्यातील मोलगी हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील बाजाराचे गाव. भोवतालच्या पाड्यांवरील मूल घरी भिली किंवा पावरी बोलते आणि शाळेत आल्यावर पुस्तकातील मराठी शिकते. बोलणे त्याला आधीपासूनच येत असते. तरीही ‘नीट बोल’ ही सूचना त्याच्या वाट्याला येते. नीट म्हणजे कोणासारखे? हा प्रश्न मराठी रंगभूमीने आणि दूरदर्शनने एकाच अभिनेत्रीच्या मुखातून दोन्ही बाजूंनी ऐकला. ती अभिनेत्री म्हणजे भक्ती बर्वे. तिच्या कारकिर्दीचा हा धागा.

२/
प्रथम काळ लक्षात घेऊ. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनविषयक चौदा नियमांना शासनाने १९६२ मध्ये मान्यता दिली आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. मधल्या काळात, १९६४ मध्ये, राजभाषा अधिनियम आला. नव्या राज्याची प्रमाण भाषा अशी कागदावर घडत होती. ती कानांवर कशी पडावी, हे मात्र आकाशवाणी, रंगभूमी आणि पुढे दूरदर्शन यांनी ठरवले.

३/
भक्ती बर्वे यांचा जन्म १० सप्टेंबर १९४८ रोजी सांगली येथे झाला. रंगभूमीशी त्यांचे नाते बालपणीच जुळले. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये मुंबईत ‘लिटल थिएटर’ ही बालरंगभूमी सुरू केली होती. तोवर मुलांची नाटके म्हणजे बहुतांशी शाळेच्या स्नेहसंमेलनातील हौस. करमरकर यांनी नेपथ्य, प्रकाशयोजना आणि तालीम या बाबतींत मोठ्यांच्या नाटकाइतकीच शिस्त आणली. त्या शिस्तीत भक्ती बर्वे घडल्या.

४/
त्यानंतर आकाशवाणी. निवेदिकेला चेहरा नसतो. तिचे सारे भांडवल आवाजात. ‘ण’ आणि ‘न’ वेगळे ऐकू आले पाहिजेत, वाक्याचा शेवट गिळला जाता कामा नये, श्वास ऐकू येता कामा नये. ही मेहनत पुढे रंगमंचावरही त्यांच्या उपयोगी पडली.

५/
२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. नव्या माध्यमाला माणसे हवी होती आणि ती नाट्यसृष्टीतून व आकाशवाणीतून आली. अमेरिकेत दोन दशके आधी हेच घडले होते. तेथील आरंभीची अनेक दूरदर्शन नाटके न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित होत. चूक झाली तर पुन्हा चित्रीकरण नाही. म्हणून रंगमंचावर मुरलेले नट हवे असत. ज्युली हॅरिससारख्या अभिनेत्री ब्रॉडवे आणि दूरदर्शन या दोन्ही ठिकाणी नावाजल्या त्या याच काळात. मुंबईतही नाटकाची तालीम आणि वरळीचा स्टुडिओ यांत काही मैलांचेच अंतर होते.

६/
भक्ती बर्वे दूरदर्शनवर बातम्या वाचू लागल्या. तेव्हा वाहिनी एकच, चित्र कृष्णधवल आणि संच मोजक्या घरांत. मुंबईनंतर पुण्यापर्यंत प्रक्षेपण पोहोचले. सातपुड्यातील पाडे अजून फार दूर होते. परंतु ज्या घरांत संच होता, तेथे वृत्तनिवेदिकेचे उच्चार हेच मराठीचे माप ठरू लागले.

७/
आता थोडे लंडनकडे. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचे ‘पिग्मॅलियन’ १९१३ मध्ये प्रथम व्हिएन्नात आणि १९१४ मध्ये लंडनमध्ये रंगमंचावर आले. ध्वनिशास्त्राचा एक प्राध्यापक पैज लावून रस्त्यावरील फुलवालीला उच्चभ्रूंचे इंग्रजी शिकवतो. शॉ यांचा रोख स्पष्ट होता : इंग्लंडमध्ये तोंड उघडताच माणसाचा वर्ग उघड होतो आणि हा भेद जन्माचा नसून सवयीचा आहे. याच नाटकावरून १९५६ मध्ये ‘माय फेअर लेडी’ ही संगीतिका ब्रॉडवेवर आली.

८/
पु. ल. देशपांडे यांनी हे कथानक मराठीत आणले. येथे केवळ भाषांतर पुरेसे नव्हते. इंग्रजी उच्चार वर्ग सांगतात. मराठी उच्चार वर्गाबरोबर जात आणि प्रदेशही सांगतात. ‘पाणी’ की ‘पानी’, एवढ्या एका अक्षरावरून ऐकणारा समोरच्याची पायरी ठरवतो. पु. लं.नी नायिकेला मंजुळा साळुंखे हे नाव आणि मुंबईच्या रस्त्यावरची बोली दिली.

९/
२९ जानेवारी १९७५ रोजी ‘ती फुलराणी’ रंगमंचावर आले. प्राध्यापकाच्या भूमिकेत सतीश दुभाषी, मंजुळा झाल्या भक्ती बर्वे. जिचे मराठी प्रेक्षक प्रमाण मानून ऐकत, तीच आता ‘अशुद्ध’ बोलणारी मुलगी होऊन समोर उभी होती. शॉ यांनी युक्तिवाद करून मांडलेली गोष्ट प्रेक्षकांना समोर दिसत होती : दोन्ही बोली एकाच कंठातून, सारख्याच सहजतेने येऊ शकतात.

१०/
या नाटकातील सर्वांत गाजलेला प्रवेश म्हणजे मंजुळेचे स्वगत. प्राध्यापकाने केलेल्या अपमानाने ती पेटते आणि त्याला धडा शिकवण्याची स्वप्ने रंगवते. हे स्वगत ‘सुधारलेल्या’ मंजुळेचे नाही. ते तिच्या मूळ बोलीत आहे. राग, स्वप्न, विनोद आणि स्वाभिमान यांसाठी तिला प्राध्यापकाच्या एकाही धड्याची गरज भासत नाही. आजही अभिनयस्पर्धांत मुली सादर करतात तो प्रवेश हाच.

११/
याला दुसरी बाजूही आहे. नाट्यगृहातील बराचसा हशा मंजुळेच्या उच्चारांवरच येत असे. बोलीला विनोदाच्या खुर्चीवर बसवण्याची मराठी रंगभूमीची सवय जुनीच. म्हणूनच नटीची जबाबदारी मोठी होती. मंजुळा हास्यचित्र झाली असती, तर नाटक प्राध्यापकाचे ठरले असते. ते फुलराणीचे ठरले, याचे मोठे श्रेय भक्ती बर्वे यांना जाते.

१२/
पुढे दूरदर्शनवरच त्यांनी बहिणाबाई चौधरी साकारल्या, आणि हा प्रश्न खानदेशात येऊन पोहोचला. बहिणाबाईंचा जन्म १८८० मध्ये जळगावजवळील आसोदे येथे झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी लेवा बोलीत आहेत. त्या बोलीत प्रमाण मराठीतील ‘डोळा’ हा ‘डोया’ होतो. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. ज्या पडद्यावरून प्रमाण मराठी घरोघरी गेली, त्याच पडद्यावर ‘ळ’ न उच्चारणारी ही कवयित्री अवतरली. तिच्या बोलण्यावर हसण्याचे कारण कोणालाच नव्हते.

१३/
भक्ती बर्वे यांचा आवाका याहून मोठा होता. ‘जाने भी दो यारो’ (१९८३) या हिंदी चित्रपटातील धूर्त संपादिका शोभा सेन त्यांचीच. ‘गांधी विरुद्ध गांधी’ या नाटकातील कस्तुरबाही त्यांच्याच. १९९० चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. ‘पु. ल., फुलराणी आणि मी’ हा एकपात्री कार्यक्रम त्या अखेरपर्यंत करत राहिल्या. १२ फेब्रुवारी २००१ रोजी वाईहून मुंबईला परतताना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील अपघातात त्यांचे निधन झाले. वय अवघे बावन्न.

१४/
प्रमाण भाषा निरुपयोगी आहे, असा या कारकिर्दीचा अर्थ नव्हे. राज्याच्या एका टोकाची बातमी दुसऱ्या टोकाला समजण्यासाठी समान भाषा लागतेच आणि भक्ती बर्वे यांनी ती निष्ठेने वाचली. परंतु समान भाषा म्हणजे श्रेष्ठ भाषा नव्हे, हेही त्यांच्याच कामातून दिसते. मोलगीच्या वर्गातील मूल ‘पाणी’ म्हणायला शिकेल, आणि शिकावेही. मात्र घरून आणलेला शब्द उंबरठ्याबाहेर ठेवून ये, असे त्याला कोणी सांगितले, तर त्याला मंजुळेची गोष्ट जरूर ऐकवावी.