नेवासे : प्रवराकाठच्या वसाहतीचा प्राचीन इतिहास

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे हे तालुक्याचे गाव प्रवरेच्या काठी वसले आहे. ज्ञानेश्वरीचे लेखनस्थान म्हणून ते सर्वपरिचित असले, तरी तेथील मानवी वस्ती त्याहून फार जुनी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली १९५४-५६ व १९५९-६१ या काळात येथे उत्खनन झाले. पहिल्या उत्खननाचा अहवाल १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत सांकलियांसमवेत शां. भा. देव, झेड. डी. अन्सारी आणि सोफी एरहार्ट यांचा समावेश होता.

नदीच्या वाळू-गोट्यांच्या थरांत अश्मयुगीन हत्यारे सापडली. ती भटक्या शिकाऱ्यांची होत. स्थिर वस्ती ताम्रपाषाण काळात, इ. स. पूर्व दुसऱ्या सहस्रकात झाली. कुडाच्या भिंतींची घरे, जोर्वे पद्धतीची रंगीत मडकी आणि घराच्या जमिनीखाली कुंभांत पुरलेली मुले हे तिचे विशेष होत. एका मुलाच्या गळ्यातील तांब्याच्या मण्यांत रेशमी धाग्याचे अवशेष आढळले.

पुढे ही वस्ती उठली आणि कित्येक शतके टेकाड ओसाड राहिले. सातवाहन काळात ते पुन्हा गजबजले. गोदावरीच्या खालच्या अंगास असलेले पैठण ही त्या वेळची राजधानी. रोमन बनावटीच्या मद्यकुंभांची खापरे नेवाशापर्यंत पोहोचलेल्या व्यापाराची साक्ष देतात.

त्यानंतर टेकाडावर पुन्हा मोठा खंड दिसतो. मात्र त्यावरून गावच नाहीसे झाले, असा निष्कर्ष काढता येत नाही. शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) ज्ञानेश्वरी येथेच सिद्ध झाली व तीत यादव राजा रामचंद्राचा उल्लेख आहे. म्हणजे त्या काळी गाव नांदते होते. वस्ती टेकाडापासून जवळपास अन्यत्र सरकली असावी. एका टेकाडाचा इतिहास म्हणजे साऱ्या गावाचा इतिहास नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

टेकाडावरील सर्वांत वरचा थर बहमनी काळापासून पुढचा आहे. काचेच्या बांगड्या व नित्य वापरातील भांडी त्यात मिळाली. उत्खननकारांनी या थराला ‘मुस्लिम-मराठा काळ’ असे एकच नाव दिले, हे लक्षणीय आहे. राजवटी बदलल्या, तरी घरगुती वस्तूंवरून दोन समाजांचे वेगळे थर पाडता येत नाहीत. अठराव्या शतकात होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी येथे मोहिनीराजाचे मंदिर बांधविले व गावाचा संबंध इंदूरशी जडला.

सारांश, नेवाशाची वसाहत अखंड नव्हे, तर पुनःपुन्हा झालेली आहे; आणि प्रत्येक वेळी नव्या वस्तीला आधार मिळाला तो प्रवरेच्या पाण्याचा.