दुहेरी भिंतीच्या फायबरग्लास पाइपची दाबचाचणी

दुहेरी भिंतीच्या फायबरग्लास पाइपची दाबचाचणी ही जमिनीखालून इंधन किंवा संक्षारक रसायने वाहून नेणाऱ्या पाइपमध्ये गळती नाही, याची पाइप मातीत पुरण्यापूर्वी खात्री करून घेण्याची प्रक्रिया आहे. या रचनेत द्रव वाहून नेणारा आतला पाइप अधिक व्यासाच्या बाह्य पाइपमध्ये बसवलेला असतो. आतून गळलेला द्रव दोहोंमधील कंकणाकृती पोकळीतून ‘संप’ नावाच्या बंदिस्त खड्ड्यात उतरतो व तेथील संवेदक इशारा देतो. बाह्य पाइप एरवी रिकामाच असल्यामुळे त्यातील दोष चाचणीवाचून सहसा लक्षात येत नाही.

पार्श्वभूमी

अमेरिकेत पेट्रोल पंपांच्या भूमिगत टाक्या व पाइप यांतील गळतीमुळे भूजल दूषित होऊ लागले. त्यावर उपाय म्हणून तेथील काँग्रेसने १९८४ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि १९८८ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने तपशीलवार नियम लागू केले. २०१५ च्या सुधारणेने नव्याने बसवल्या जाणाऱ्या पाइपना, काही अपवाद वगळता, दुय्यम आवरण बंधनकारक ठरले. फायबरग्लास गंजत नाही, हे या कामी त्याचे मोठे बलस्थान आहे. भारतात पेट्रोलियम साठवणुकीच्या सुरक्षिततेचे नियमन नागपूर येथे मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना करते.

हवा आणि पाणी

चाचणीतील मुख्य धोका गळतीचा नसून दाबलेल्या हवेत साठणाऱ्या ऊर्जेचा आहे. ७५ मिलिमीटर आतील व्यासाच्या व ५० मीटर लांबीच्या पाइपमध्ये सुमारे २२० लिटर जागा असते. ती पाण्याने भरून ३५० किलोपास्कल दाब दिल्यास पाण्यात जेमतेम ६ ज्यूल ऊर्जा साठते. पाइपच्या ताणलेल्या भिंतीत साठणारी ऊर्जा वेगळी. तितक्याच दाबाच्या हवेत मात्र सुमारे ८७ किलोज्यूल ऊर्जा साठते. एक टन वजन जवळपास नऊ मीटर उचलण्यास ती पुरेशी आहे. फायबरग्लास पोलादाप्रमाणे ताणून वाकत नाही आणि चिकटद्रव्याने जोडलेला सांधा पूर्वसूचनेशिवाय सुटू शकतो. अशा वेळी टोकाचे झाकण तोफगोळ्यासारखे उडते. म्हणूनच झाकणाच्या रेषेत कोणीही उभे राहू नये.

पाण्याची चाचणी अधिक सुरक्षित असली, तरी पोकळीत शिरलेले पाणी पूर्णपणे काढणे कठीण असते. मागे राहिलेले पाणी पुढे संपमध्ये येऊन गळतीचा खोटा इशारा देऊ शकते. त्यामुळे पोकळीसाठी बहुधा हवाच वापरली जाते, परंतु अत्यल्प दाबाने. पूर्वी ज्वलनशील द्रव वाहिलेल्या पाइपमध्ये हवा भरणे वर्ज्य आहे, कारण आत स्फोटक मिश्रण तयार होते. तेथे नायट्रोजनसारखा निष्क्रिय वायू वापरतात.

कार्यपद्धती

सांध्यांतील चिकटद्रव्य उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे पूर्ण घट्ट झाल्यावरच चाचणी सुरू करतात. थंड हवेत यास अधिक वेळ लागतो. पंप व इंधन देणारी यंत्रे विलग करून टोके बंद केली जातात. पाइप उसळू नये म्हणून मधल्या भागावर माती टाकतात, सांधे मात्र उघडे ठेवतात. हवेच्या जोडणीवर दाबनियंत्रक व दाबमोचक झडप असणे आवश्यक आहे.

आधी आतला पाइप तपासतात. त्याचे सांधे दिसावेत यासाठी बाह्य पाइपची दुभागी जोडणी या टप्प्यावर बसवलेली नसते. अमेरिकेच्या एनएफपीए ३० या संहितेनुसार पाण्याने चाचणी करताना कमाल अपेक्षित दाबाच्या १५० टक्के, तर हवेने करताना ११० टक्के दाब द्यावा लागतो. तो किमान १० मिनिटे टिकला पाहिजे. दाब टप्प्याटप्प्याने वाढवतात आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहतात. रासायनिक कारखान्यांतील पाइपसाठीच्या एएसएमई बी३१.३ संहितेत हवेच्या चाचणीनंतर दाब संकल्पित पातळीपर्यंत उतरवून मगच गळती शोधण्याची तरतूद आहे.

त्यानंतर बाह्य जोडण्या बंद करून पोकळीत किमान ३४.५ किलोपास्कल, म्हणजे ५ पौंड प्रति चौरस इंच, दाब देतात. उत्पादकाने वेगळा दाब सांगितला असल्यास तो पाळतात. पातळ भिंतीचा पाइप आतून येणारा दाब चांगला पेलतो, पण बाहेरून दाब आल्यास चेपू शकतो. म्हणून या काळात आतल्या पाइपमधील दाब पोकळीपेक्षा जास्त ठेवतात. दोहोंना स्वतंत्र दाबमापक असल्यास निदानही सोपे होते: आतला दाब घटून पोकळीतील वाढला तर दोष आतल्या पाइपमध्ये असतो, केवळ पोकळीतील दाब घटला तर बाह्य पाइपवर संशय घ्यावा.

दाब सोडताना आधी पोकळी व नंतर आतला पाइप, हा क्रम असतो. दाबाखालील सांधा आवळणे, ठोकणे किंवा दुरुस्त करणे धोक्याचे आहे. मापक शून्यावर आल्याखेरीज कोणतीही जोडणी उघडत नाहीत.

तापमानाचा परिणाम

मापकावरील प्रत्येक घट गळतीचीच असते असे नाही. पोकळीतील हवा ३० अंश सेल्सिअसवरून २५ अंशांवर आली, तर गळती नसतानाही ३४.५ किलोपास्कलचा दाब सुमारे २.२ किलोपास्कलने उतरतो. उलट, उन्हाने तापणारा पाइप खरी गळती झाकू शकतो आणि ही चूक अधिक महागात पडते. त्यामुळे तापमान स्थिर असताना, शक्यतो सकाळी किंवा ढगाळ हवेत, नोंदी घेतात व दाबाबरोबर तापमानही लिहून ठेवतात.